नेमकं अडतंय कुठे? समग्र दृष्टीमागचं शास्त्र

आठवीतली एक मुलगी रोज तिसऱ्या तासाला वर्गात पेंगते. सहामाहीला गणितात मागे पडली, आता विज्ञानातही पडते आहे. बाईंच्या मते तिचं अभ्यासात लक्ष नाही. आईच्या मते रात्रीचा मोबाइल नडतो. शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने तिचं हिमोग्लोबिन तपासलं, ते ९ निघालं. डॉक्टरांच्या मते हा सरळसरळ रक्तक्षय. समुपदेशक ताईंना मुलगी धास्तावलेली वाटली. चौघांनी चार ठिकाणी बोट ठेवलं आणि चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तरीही वर्ष संपतं आणि मुलगी जिथल्या तिथे राहते. अशा मुली थोड्याथोडक्या नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. गोळ्या आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, सरकारी योजनाही आहेत. मग फरक का पडत नाही?

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नळाला पाणी येत नाही, असं समजा. प्लंबर येतो, नळ जुना झालाय म्हणतो आणि नवा बसवतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं, नळ खरंच जुना असतो. पण पाणी येत नाही, कारण गच्चीवरची टाकी रिकामी आहे. टाकी रिकामी आहे, कारण मोटार जळली आहे. पाणी टाकीपासून नळापर्यंतच्या सगळ्या वाटेने येतं, आणि ती वाट कुठेही अडू शकते. शिक्षण, समुपदेशन आणि आरोग्यसेवेत ज्याला समग्र दृष्टी म्हणतात, तिचा गाभा एवढाच आहे: आधी सगळी वाट तपासायची आणि मग जिथे अडलंय तिथे नेमकं काम करायचं. यातला पहिला भाग विसरला तर उपचार एकांगी होतो. दुसरा विसरला तर समग्रतेच्या नावाखाली सगळीकडे थोडं थोडं काही तरी करत बसणं उरतं. माझ्या मते आज दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे.

गोळी हातात पडते, रक्तात का पोचत नाही?

ही वाट एकदा पायरी पायरीने पाहू. शाळांमधून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. ही गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन ९ आहे, तिला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची, उपचाराची मात्रा लागते. पहिली अडचण इथेच येते. तपासणीचा आकडा कागदावर राहतो आणि मुलीला सगळ्यांसारखीच गोळी मिळत राहते.

गोळी गिळल्यावर लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. त्याच वेळी पोटात चहा असेल तर चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि बरंचसं लोह तसंच बाहेर जातं. लिंबू, आवळा, पेरू यांतलं ‘क’ जीवनसत्त्व याच्या उलट काम करतं, शोषण वाढवतं. पोटात अंकुशकृमी असतील तर ते आतड्याला चिकटून रक्त पीत राहतात. म्हणजे एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून गळायचं. हे कृमी अनवाणी चालताना मातीतून तळपायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. म्हणूनच जंतनाशक गोळी, पायातली चप्पल आणि वापरण्याजोगा संडास या तिन्ही गोष्टी रक्ताशी जोडलेल्या आहेत.

आता मनाकडे येऊ. लोहाच्या गोळीने काहींना मळमळतं, रिकाम्या पोटी घेतली तर जास्तच. शौचाला काळं होतं. हे काळेपण निरुपद्रवी आहे, ते न शोषलेलं लोह असतं. पण कुणी आधी सांगितलं नसेल तर मुलगी घाबरते, कुणाला विचारायची लाज वाटते आणि पुढची गोळी बाकाखाली जाते. इथे औषध कमी पडलेलं नाही, दोन मिनिटांचं बोलणं कमी पडलं आहे. ‘शाळेतली खिचडी खाल्ल्यावर गोळी घे, शौचाला काळं होईल, घाबरू नकोस’ एवढं सांगणं हे समुपदेशनच आहे. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही ती अशाच विश्वासाच्या बोलण्यात सांगेल, फॉर्मवरच्या चौकटीत नाही.

राहिला अभ्यास. लोह कमी असलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याखेरीज मेंदूत डोपामिनसारखी रसायनं तयार व्हायलाही लोह लागतं, आणि लक्ष एकाग्र करण्याशी या रसायनांचा जवळचा संबंध आहे. म्हणजे बाई ज्याला लक्ष नसणं म्हणतात आणि डॉक्टर ज्याला रक्तक्षय म्हणतात, ती पुष्कळदा एकाच गोष्टीची दोन टोकं असतात. त्यात पहाटे पाणी भरायला उठावं लागत असेल किंवा रात्रीच्या मोबाइलने झोप तुटत असेल, तर थकवा आणखी वाढतो. गणित कच्चं राहतं, कच्चं राहिलं की भीती बसते आणि भीतीने झोप उडते. ही सगळी वाट एका नजरेत घेतल्याशिवाय नेमकं काय करायचं हे ठरत नाही.

दुखणं शरीराचं, मनाचं की घरचं?

या विचाराला वैद्यकात भक्कम पाया मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेबद्दल नवा सिद्धांत मांडला. तोवर सर्वसाधारण समज असा होता की जितकी इजा तितकी वेदना. या दोघांनी दाखवून दिलं की वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचल्यावर तिथेच कमी-जास्त होतो, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात भाग घेतात. भीती, अनिश्चितता, एकटेपणा यांनी वेदना वाढते ती ‘मनाचे खेळ’ म्हणून नव्हे. त्यामागे मज्जासंस्थेतली खरी यंत्रणा आहे. या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मेंदू वेदनेला आकार देतो हा मुद्दा टिकून राहिला.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स हीच गोष्ट रुग्णांच्या खाटेजवळ शिकत होत्या. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजकार्य केलं आणि नंतर डॉक्टर झाल्या. एकाच रुग्णाला तीन बाजूंनी पाहण्याची सवय त्यातूनच आली. मरणपंथाला लागलेल्या कर्करोगी माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांची असते, असं त्यांनी मांडलं. माझ्यामागे मुलांचं काय होणार ही काळजी गाठीच्या दुखण्यात मिसळलेली असते. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू केलं. तिथे त्या मनापासून ऐकून घ्यायच्या, पण नुसतं ऐकून थांबायच्या नाहीत. वेदना उसळेपर्यंत वाट न पाहता ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून मॉर्फिन द्यायचं, हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. आजच्या वेदनाशामक सेवेची ही पायाभरणी. समग्र उपचार औषधाला पर्याय शोधत नाही, औषधाला पूर्ण काम करू देतो, हे इथे स्पष्ट दिसतं.

१९७७ साली अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या विचाराला चौकट दिली. आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि समाज या तिन्ही पातळ्या एकत्र पाहाव्या लागतात, अशी त्यांची मांडणी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने तर १९४८पासूनच आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य धरलेलं आहे. तेव्हा विचार नवा नाही. प्रश्न तो प्रत्यक्षात उतरवण्याचा आहे, आणि त्याची काही उत्तम उदाहरणं आपल्या महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेत.

कोसबाड: शाळाच अंगणात नेली

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, हा तिथला प्रश्न. आदिवासी पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे नेहमीचं उत्तर. या दोघींनी ते मानलं नाही. मूल दिवसभर काय करतं ते त्यांनी पाहिलं. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते, मुलगा गुरांमागे असतो, आणि आईबाप मजुरीला गेलेले असतात. अडलं होतं ते इथे. मग त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली; अंगणवाडी तिथून आली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी सुरू केली, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीला वर्गात बसता यावं. मुलांची अंघोळ, नखं आणि केस हाही दिनक्रमाचा भाग होता. शिकवायचं साहित्य म्हणजे बिया, पानं, शिंपले, खडे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच छपराखाली देणारी तिची केंद्रं आज अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

जामखेड आणि गडचिरोली: आजाराच्या आधीची वाट

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला गेले, तेव्हा लोकांनी आधी मागितलं ते पाणी आणि अन्न, दवाखाना नंतर. आरोळे दांपत्याने ते आरोग्याबाहेरचं म्हणून टाळलं नाही. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. दूषित पाणी आणि अस्पृश्यता या दोन अडथळ्यांवर एकाच कामाने घाव घातला गेला. गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

समग्र काम मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांना गडचिरोली उत्तर देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. बाळंतपणं घरी होत, बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नसत आणि रुग्णालय दूर होतं. पहिल्या २८ दिवसांत बाळ दगावायचं ते जंतुसंसर्ग, कमी वजन, जन्मतःच श्वास न घेणं, थंडी, दूध न ओढणं अशा कारणांनी. ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, गार पडलं की दूध ओढत नाही, दूध नसलं की ताकद घटते आणि संसर्गाला वाट मिळते. संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, उबदार गुंडाळणं, आईला पाजायला मदत करणं, धोक्याची लक्षणं ओळखणं, आणि गरज पडली तर घरीच प्रतिजैविक देणं हे त्यांचं काम. ३९ गावांत हा कार्यक्रम राबवला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरावीक भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

गोवा: मन उभं करायचं तर पाय हलवावे लागतात

नैराश्य आलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा बहुधा ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. झोप लागत नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे, असं सांगतो आणि शक्तिवर्धक गोळ्या घेऊन परत जातो. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधा उपचार तपासला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ भेटी द्यायच्या. यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. मन खचलं की माणूस कामं, भेटीगाठी, देऊळ-चर्च, फिरणं सोडतो. ते सोडलं की आनंदाचे आणि आधाराचे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी खचतं. हे चक्र ‘मन बरं झालं की बाहेर पडेन’ असं म्हणून तुटत नाही. आधी लहानशी, जमेल अशी कृती ठरवायची, नात्यातल्या माणसांना सोबत घ्यायचं, समोरची अडचण सोडवायला मदत करायची. मन त्यामागून उभं राहतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीच्या उपचाराच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आक्षेप, आणि त्यांतलं तथ्य

पहिला आक्षेप गंभीर आहे: ‘समग्र’ हे नाव लावून आज काहीही विकलं जातं. हे खरं आहे आणि त्याने जीव जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शरीरभर न पसरलेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. म्हणून कसोटी स्पष्ट हवी. सिद्ध झालेल्या उपचारात जे भर घालतं ते समग्र. जे सिद्ध उपचार सोडायला लावतं ते धोकादायक, मग त्याचं नाव कितीही गोड असो. साँडर्स यांचं मॉर्फिन आणि गडचिरोलीतलं प्रतिजैविक विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप असा की, सगळं एकत्र केलं की परिणाम आपोआप वाढतो, हे कशावरून? तो वाढत नाही, असं पुरावाच सांगतो. बांगलादेश आणि केनियात बालकांची वाढ सुधारण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले. शुद्ध पाणी, शौचालय, हात धुणं आणि पूरक आहार हे सगळं एकत्र दिलेल्या मुलांच्या उंचीत केवळ आहार दिलेल्या मुलांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पाणी आणि स्वच्छता यांची गरज यामुळे कमी होत नाही. पण उंचीपुरतं त्या ठिकाणी, त्या स्वरूपात ते काम अडलेल्या जागेपर्यंत पोचलं नाही. समग्र दृष्टी वापरली म्हणून मोजमापातून सूट मिळत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. बाह्यरुग्ण विभागात शंभर जण रांगेत असताना डॉक्टरांनी घरची परिस्थिती कधी विचारायची? साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांनी मनं कधी वाचायची? एकाच माणसाने सगळं करायचं असेल तर हे अशक्यच आहे. पण वरच्या एकाही उदाहरणात तसं झालेलं नाही. जामखेड, गडचिरोली, गोवा या तिन्ही ठिकाणी कामाची वाटणी झाली आणि स्थानिक माणसांना नेमकं कौशल्य दिलं गेलं. तज्ज्ञांची गरज संपली नाही. त्यांचं ज्ञान घरापर्यंत पोचलं.

याच्या उलट, वाटणी न करता फक्त कागद वाढवले तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१०मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हेतू चांगला होता: मुलाच्या गुणांबरोबर त्याचे छंद, सवयी, भावनाही पाहाव्यात. पण शिक्षकांवर वर्णनात्मक नोंदींचा भार पडला आणि तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रकही त्याच वाटेने जाऊ शकतं. नोंद वाचून कुणी तरी काही तरी बदललं, तरच त्या नोंदीला अर्थ आहे.

थोडक्यात

- लक्षण एका ठिकाणी दिसतं, अडथळा दुसरीकडे असू शकतो. शरीर, मन, घर आणि शाळा यांची वाट एकत्र तपासावी.
- सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा अडलेल्या जागी पुरेसं करावं.
- सिद्ध झालेला उपचार पाया असतो. बोलणं, आधार आणि परिस्थितीत बदल यांनी त्याला बळ येतं.
- एका माणसाने सगळं करू नये. कामं वाटून घ्यावीत आणि माहिती एकमेकांपर्यंत पोचवावी.
- परिणाम मोजावा. फरक पडत नसेल तर पद्धत बदलावी.

आपल्या हातात काय आहे?

ही दृष्टी फक्त संस्थांनी बाळगायची गोष्ट नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद पालकांनी वर्गशिक्षकांना दाखवावा, आणि शिक्षकांनी मुलाच्या वागण्यातला बदल आरोग्य पथकाला सांगावा. आज हे दोन कागद एकमेकांना भेटतच नाहीत. डॉक्टरांकडे जाताना झोप, काळजी, खाणंपिणं आणि चालू असलेली सगळी औषधं, काढे-चूर्णांसकट, मोकळेपणाने सांगावी. समुपदेशकांनी उदास माणसाला थायरॉइड किंवा रक्ताची तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारावं, कारण थायरॉइड मंदावल्यानेही माणूस उदास आणि सुस्त होतो. आणि कुणी समग्र उपचाराच्या नावाखाली डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायला सांगितलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, तोवर औषध थांबवू नये. जो आधी नीट ऐकून घेतो, तपासतो, गरज पडली तर दुसऱ्याकडे पाठवतो आणि फरक पडला का हे पुन्हा विचारतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. प्रत्येक दुखण्यावर ज्याच्याकडे एकच उत्तर तयार असतं, त्याच्यापासून लांब राहा.